मूळ ईसीयूचे रीफ्लॅशिंग की स्वतंत्र ईसीयू?

स्पोर्ट्स कारला मोठा टर्बो लावायचे ठरले की मूळ ईसीयूतील (इंजिन चालवणाऱ्या संगणकातील) मॅप, म्हणजे इंधन आणि ठिणगीचे तक्ते, बदलून घ्यावेत (हेच रीफ्लॅशिंग) की त्याच्या जागी स्वतंत्र ईसीयू बसवावा, हा पेच पडतोच. खर्चात रीफ्लॅशिंग उघडच स्वस्त आहे, कारण बऱ्याच गाड्यांत ते ओबीडी पोर्टमधूनच (गाडीची तपासणी करण्याच्या सॉकेटमधूनच) होते. स्वतंत्र ईसीयूला वायरिंग हार्नेस (तारांचा जुडगा), वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा) आणि डायनोवरचे (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) कित्येक तास लागतात.

मेहनतीतला खरा फरक थंड इंजिन सुरू करताना कळतो. कंपनीने थंडी, उंची आणि एसीचा भार यांसाठी जुळवलेले तक्ते रीफ्लॅशिंगमध्ये बव्हंशी तसेच राहतात. स्वतंत्र ईसीयूत ते नव्याने बसवावे लागतात, आणि त्यात हयगय झाली तर फुल थ्रॉटलला सुसाट पळणारी गाडी सकाळी पहिल्याच सिग्नलला बंद पडते. एबीएस आणि डॅशबोर्डशी कॅन बसवरचा (गाडीतील संगणकांना जोडणाऱ्या जाळ्यावरचा) संवाद जुळवणे हे आणखी एक किचकट काम.

मात्र इंजिनात जाणारी हवा मोजणारा मूळ एअरफ्लो सेन्सर कमाल मर्यादेला टेकला किंवा इंजिनच बदलले, तर रीफ्लॅशिंग लवकर तोकडे पडते. स्वतंत्र ईसीयू त्याऐवजी एमएपी (MAP) सेन्सरवर, म्हणजे इनटेकमधला हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरवर, चालवता येतो आणि तेलाचा दाब घसरताच इंजिन थांबवण्याची सोयही बहुधा देतो, जी मला वाढीव हॉर्सपॉवरपेक्षा मोलाची वाटते.

रोज चालवायच्या, प्रदूषण चाचणी द्याव्या लागणाऱ्या गाडीला रीफ्लॅशिंगच योग्य; निव्वळ ट्रॅकवरच्या, आमूलाग्र बदललेल्या गाडीला स्वतंत्र ईसीयू.