डुकरांच्या शेणावर बायोगॅस अन् ५०% सबसिडी? पैसे भरायच्या आधी वाचा

वराहपालन करणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, आमच्या गावानं हसून झालंय.

१,९६,८०० रुपये गेले. 'शेतकरी हिस्सा' १,६०,०००, फाईल चार्ज जीएसटी धरून ११,८००, आणि स्लरी (गॅस निघाल्यावर उरणारा शेणकाला) खरेदीच्या कराराचं डिपॉझिट २५,०००. त्या बदल्यात शेडमागं बायोगॅसचा एक हिरवा फुगा पडलाय, त्यावर पावसाचं पाणी साचून डास होतात.

हावरटपणा केला म्हणणारे भेटतातच, म्हणून सांगतो. लहानमोठी धरून ६० डुकरं आहेत माझी. शेड धुतल्याचं पाणी ओढ्याला जायचं, खालच्या विहीरवाल्यांनी अर्ज केला, ग्रामपंचायतीची नोटीस आली. अन् त्याच आठवड्यात या बायोगॅस प्लांट विकणाऱ्या कंपनीवाल्यांचा फोन! नोटिशीचं यांना कुणी सांगितलं ते आजपर्यंत कुणी कबूल करत नाय.

प्लांट ३,२०,००० चा, निम्मी सबसिडी, रोज २५ घनमीटर गॅस, त्यावर जनरेटर, आणि निघालेली स्लरी कंपनीच ३ रुपये लिटरनं उचलणार, रोज ५०० लिटर. म्हणजे महिन्याला ४५,०००. लेटरहेडवर राजमुद्रा, वर गोबरधन योजनेचं नाव. आता गोबरधन, म्हणजे शेण-कचऱ्यापासून गॅस करायची केंद्र सरकारची योजना, खरी आहे, २०१८ पासून आहे, म्हणून तर माणूस अडकतो. सगळंच खोटं असतं तर मी काय शेंबडं पोरगंसुद्धा फसलं नसतं.

डोक्यातनं जात नाय ते डेमोचं. दुसऱ्या एका फार्मवर नेलं. फुगा पार बसलेला, अंगाला सुरकुत्या, अन् दोन फुटांवर शेगडी भडाभडा पेटलेली. अरे, प्रेशर त्या फुग्यातनंच येतं ना! मी विचारलं पण, "साहेब, फुगा तर बसलाय?" तर म्हणतो, "सकाळपासून वापरतोय दादा, शेवटचा गॅस आहे." शेवटचा गॅस मिणमिणतो, असा आवाज करत पेटत नाय. शेगडीचा पाईप भिंतीमागं गेला होता, चार पावलं टाकली असती तर तिथला सिलेंडर दिसलाच असता. तेवढ्यात चहा आला. सोबत गावातले दोन शिकलेले होते, त्यांनाही काय कळलं नाय, मग मला एकट्याला कशाला बोलता?

हिशोब तुम्हीच करा. गाईचं शेण धरलं तर एका घनमीटर गॅसला साधारण २५ किलो लागतं, म्हणजे २५ घनमीटरला सहाशेच्या वर किलो. माझ्या शेडचं रोजचं दीडशे किलो. डुकराचं शेण गॅस जरा जास्त देतं, मान्य, तरी आठ-दहा घनमीटरच्या वर उडी जात नाय. कागद-पेन घेऊन बसा, विकणाऱ्याच्या ब्रोशरवर नको.

फिटर म्हणाला आठ दिवसांत गॅस. खोटं. सुरुवातीला गाईच्या शेणाचं विरजण लागतं, पुढं आपल्या हवेत शेण आत ४० दिवस तरी मुरावं लागतं. शेड पाईपनं धुऊन ते पाणी तसंच आत सोडलं तर नुसतं पाणीच साठतं, आधी शेण खोऱ्यानं ओढून घ्या मग धुवा. हे मला एका जुन्या गोबरगॅसवाल्या मिस्त्रीनं सांगितलं, फुकट. गॅसमधला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू इंजिन खातो, त्यासाठी लोखंडाच्या किसाचा फिल्टर लागतो. माझ्या फिल्टरचा डबा त्यानं खोलला तर आत थर्माकोल.

आता सरकारी पाहुणचार. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "डुकराची घाण विकत कोण घेणार होतं?" अन् हशा. मग म्हणे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. बनावट राजमुद्रा सिव्हिल मॅटर? बीएनएस ३१८, भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम, काय भिंतीवर लावायला आहे का? पंचायत समितीत म्हणाले बायोगॅस पशुसंवर्धनाकडं नाय, ऊर्जावाल्यांकडं जा, ऊर्जावाले म्हणाले डुकरं म्हणजे पशुसंवर्धन. असली सबसिडी आम्ही देतच नाय म्हणणाऱ्या त्याच ऑफिसच्या जिन्यात या लोकांचं पोस्टर होतं, मी बोट दाखवलं तर शिपायाला फाडायला लावलं. पुरावा फाडला राव! १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणे फार उशीर झाला, बँकेत म्हणे पैसे तुम्हीच पाठवले. फाईल चार्ज तर कुणाच्या तरी पर्सनल खात्यावर गेला होता, त्याची चौकशी कोण करणार, मी?

सरकारी योजनेत फोनवर फी मागितली की फोन ठेवा. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघा, यांचा परराज्यातल्या कपड्याच्या दुकानाचा निघाला. स्लरी विकत घेतो म्हणून उलटं आपल्याकडनंच डिपॉझिट मागणारा चोरच. अन् पोस्टरचा फोटो काढूनच साहेबाला दाखवा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला ग्राहक आयोगात फी लागत नाय, मी तिकडं टाकलीय.

काल नव्या नंबरवरून फोन आला, बाई बोलत होती. तुमची अडकलेली सबसिडी रिलीज करून देतो, फक्त ५,९०० भरा. नंबर पोलिसांना दिला, ते म्हणाले ब्लॉक करा.