बेळगाव बाजारातले मासेवाले मामा: विकतात कमी, अडवतात जास्त (५ पैकी ४)

बेळगावात फिश टँकची दुकानं आता बरीच झालीत, टिळकवाडीपासून शहापूरपर्यंत कुठंही जावा काचेच्या टाक्या दिसतातच, पण एकाच टाकीत चार-पाच जातीचे मासे ठेवायचे असतील तर मी मामांकडंच जा म्हणेन. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण लिहिल्यात, बाजारात मासेवाले मामा कुठं म्हणून विचारा, कुणीपण बोट दाखवेल. दुकान म्हणजे नुसतं बोळ आहे, दोन गिऱ्हाईकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं.

मामांचं वैशिष्ट्य म्हणजे तुम्ही मासा दाखवला की लगेच जाळी पाण्यात घालत नाहीत. आधी दोन प्रश्न, टाकी केवढी आणि पाणी नळाचं का बोअरचं. नळाचं म्हणजे राकसकोप-हिडकल धरणांचं असलं तर क्लोरीन मारायचे थेंब घ्या म्हणतात, आणि बोअरचं जड पाणी असलं तर निऑन टेट्रा मागून पण देत नाहीत, सरळ गप्पी, मोली, प्लाटी पुढं करतात. आणि बरोबरच आहे ते, निऑन हा ॲमेझॉनकडचा मासा, त्याला मऊ आणि जरा आम्लाकडं झुकणारं पाणी पाहिजे, उलट गप्पी-मोलीला जडच पाणी मानवतं, मग दोघांना एका टाकीत घातलं की एक कोण तरी कायम कसनुसा होऊन कोपऱ्यात बसणार.

मी उभा असताना खानापूरकडचे एकजण पोराला घेऊन आले होते. दोन फुटी टाकी, आणि पोराला पाहिजे काय तर एंजल, निऑन, टायगर बार्ब आणि दोन गोल्डफिश. मामा म्हणाले, "सगळं घालून भेळ करायची हाय काय गा? आत्ता एंजल न्हान दिसतोय, वाढला की वीतभर उंच हुतोय, मग हे निऑन म्हंजे त्येचा नाश्ता." पोरगं रडकुंडीला आलं तर त्याला खालच्या टाकीजवळ नेऊन एक एंजल दाखवला, कुणीतरी परत आणून दिलेला. एंजलला पोटाखाली दोऱ्यासारखे दोन लांब पर असतात ना, त्याचे ते दोन्ही कुरतडून नखाएवढे राहिले होते आणि शेपटीची कड पण फाटलेली, टायगर बार्बचं काम ते. बार्ब वाईट मासा नव्हे, सहा-आठाचा घोळका असला तर बराच वेळ आपापसातच पळापळ करतो, पण दोन-तीनच ठेवले की शेजारच्या लांब पराच्या, संथ माशाच्या मागं लागतो, म्हणून एंजल किंवा फायटरबरोबर तो नकोच. गोल्डफिशला थंड पाणी चालतं, १८ ते २२ डिग्री, घाण पण भयंकर करतो, त्यामुळं तो वेगळ्याच टाकीतला गडी. शेवटी नुसते बार्ब घेऊन गेले, पोरगं पण खुश. दुसरा दुकानदार असता तर चारही जाती पिशवीत बांधून मोकळा झाला असता.

कन्नड गिऱ्हाईक आलं तरी तेच, "ब्याडा री, ब्याडा" म्हणून हात आडवा करतात आणि मग दहा मिनिटं समजावून सांगतात.

माझी पण टाकी दोन फुटीच, २ बाय १ बाय १ म्हणजे हिशोबानं ५६ लिटर, पण खडी, झाडं आणि वरची मोकळी जागा सोडली की पाणी पन्नासच्या आतच राहतं. मामांनी मजले पाडून दिले, वर झेब्रा डॅनिओचा घोळका, मध्ये ड्वार्फ गोरामीची एक जोडी, तळाला कोरीडोरस. झेब्रा डॅनिओ आपल्या देशातलाच मासा, दणकट, आणि कोरी खाली वाळू हुंगत फिरतात त्यामुळं कुणाच्या वाटेला कुणी जात नाही. बेळगावची डिसेंबर-जानेवारीची थंडी गोरामीला सोसत नाही म्हणून ५० वॉटचा हीटर २५ वर लावून ठेवायचा, पण हीटरवरच्या आकड्यावर जाऊ नका, वेगळा थर्मामीटर चिकटवा.

अजून एक, टाकी आणि मासे एकाच दिवशी देत नाहीत. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे जातात, नाहीतर मासे पहिल्याच आठवड्यात उलटे. मामा आपल्या चालू फिल्टरचा स्पंजचा तुकडा कापून देतात, फुकट, जिवाणू लवकर धरतात.

आता तक्रारी. सगळ्या टाक्यांना एकच जाळी, एकातून काढली की तशीच ओली दुसऱ्यात. माझ्याकडं तिथून आणलेल्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, मीठ टाकून आणि हीटर वाढवून निभावलं, तेव्हापासून नवीन मासा दोन-तीन आठवडे वेगळ्या डब्यात. स्पंजचा तुकडा पण म्हणूनच तब्येतीनं चांगल्या दिसणाऱ्या टाकीतलाच मागून घ्या.

दुसरं, एवढे जाणकार मामा पण शेवाळ खातो म्हणून सकर, म्हणजे आपला क्रोकोडाईल, दिसेल त्याला देतात, हे मला पटत नाही. तो दीड फुटापर्यंत वाढतो, खातो त्यापेक्षा घाण जास्त करतो आणि गोल्डफिशसारख्या संथ माशाच्या अंगाला चिकटून चिकटा ओरबाडतो. मग लोक किल्ल्याच्या तलावात नेऊन सोडतात, ते तर अजिबात करू नका, नद्या-तळ्यांत हा मासा बोकाळलाय आधीच. शार्क म्हणून दोन इंची पिल्लं विकतात तीच गत, हॉटेलात बासा म्हणून ताटात येतो तो हाच पंगस, मीटरभर होतो, घालणार कुठं? आणि गुलाबी-निळे विडो टेट्रा दिसले तर घेऊ नका, रंग मारलेले असतात, काही महिन्यांत उतरतो, माशाला त्रास वेगळाच.

सुटं खाणं घेऊ नका, सीलबंद डबी मागा. झाडं अंधाऱ्या बादलीत पडून सडायला आलेली असतात, ती दुसरीकडून घ्या. भाव बाकी वाजवी, गप्पीची जोडी चाळीसच्या आसपास, वाढून अवजड झालेले मासे परत घेऊन बदल्यात खाणं देतात हे मात्र दुसरं कोण करत नाही. पावसाळ्यात लाईट जाते म्हणून बॅटरीवरचा एअर पंप काऊंटरखाली ठेवलेला असतो, विचारल्याशिवाय दाखवत नाहीत.

शनिवारी बाजाराच्या गर्दीत जाऊ नका, मामांना बोलायला सवड नसते. नवीन माल आल्या दिवशी पण नको, प्रवासानं दमलेले मासे चार दिवस त्यांच्याच टाकीत राहू देत, त्यातनं जे नीट खातात ते बघून घ्या, मामा स्वतः दाणे टाकून दाखवतात.