मुरमाच्या मैदानावर लेदर बॉल : एक मोसम वापरल्यानंतर

आधी निकाल सांगून टाकतो. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या खेड्यांतल्या मैदानांवर मधल्या किमतीचा, चार तुकड्यांचा, हाताने शिवलेला लाल क्रिकेट बॉल सगळ्यात जास्त पुरतो. इथे खाली काळी माती नाहीतर सिमेंटचा पट्टा असतो, वर काथ्याची मॅट आणि भोवती मुरूम. अशा ठिकाणी सगळ्यात महाग बॉलवर घातलेले जास्तीचे पैसे वसूल होत नाहीत. सगळ्यात स्वस्त बॉल मात्र नेटमध्येही महाग पडतो, तो कसा ते पुढे येईलच.

सोयाबीन निघून वावर मोकळं झालं की आपल्याकडे लेदरचा मोसम सुरू होतो आणि ऊन तापेपर्यंत चालतो. या काळात तीन प्रकारचे बॉल आलटून पालटून वापरले : दोन तुकड्यांचा सरावाचा, चार तुकड्यांचा मधला, आणि मोठ्या सामन्यांसाठी म्हणून विकला जातो तो वरचा. तिन्ही मेरठच्या बनावटीचे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या एकाच डब्यातले दोन बॉल सारखे निघतील याची खात्री कोणालाच देता येत नाही. नावापेक्षा हातातला बॉल तपासता आला पाहिजे.

दोन तुकड्यांचा बॉल म्हणजे कातड्याच्या दोन वाट्या एकमेकींना जोडलेल्या. चार तुकड्यांच्या बॉलमध्ये प्रत्येक वाटी दोन तुकड्यांची असते आणि ते आतून शिवलेले असतात. वरून फक्त एक बारीक रेघ दिसते. एका वाटीची रेघ दुसऱ्या वाटीच्या रेघेशी काटकोनात बसवतात, त्यामुळे कातडं सगळीकडून सारखं ताणलं जातं आणि आकार टिकतो. मधल्या मुख्य शिवणीला, म्हणजे सीमला, सहा ओळी असतात. हाताने शिवलेल्या बॉलमध्ये सहाही ओळी दोन्ही वाट्यांना धरून ठेवतात. यंत्राने शिवलेल्यात जोडणी फक्त मधल्या दोन ओळींवर असते, बाहेरच्या चार नुसत्या वरच्या वर. काथ्याच्या मॅटवर हा फरक लवकर कळतो. मॅट सीमला किसणीसारखी घासते. बाहेरच्या ओळी बसल्या की यंत्राचा बॉल गुळगुळीत होतो आणि मग कटर (सीमवरून बोट ओढून टप्प्यावर वळवलेला बॉल) टाकणाऱ्याच्या बोटाला धरायला काही उरत नाही.

आता निवडण्याबद्दल. दुकानात (नागपूरला सीताबर्डीत असो की तालुक्याच्या गावी) बॉल चमकतो म्हणून घेऊ नका. जाड लॅकर (चकाकीचं रोगण) मारलं की वाईट कातडंही आरशासारखं दिसतं. खिशात शिंप्याचा टेप आणि छोटा डिजिटल काटा ठेवा, किराणा दुकानातला काटाही चालतो. पुरुषांच्या बॉलचं वजन नियमाने 155.9 ते 163 ग्रॅम आणि घेर 22.4 ते 22.9 सेंटीमीटर. घेर दोन वेळा मोजायचा, एकदा सीमवरून आणि एकदा सीमला आडवा. दोन मापांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तो बॉल नवा असतानाच अंडाकृती आहे. तो दहाव्या ओव्हरपर्यंत आणखी बिघडेल, सुधारणार नाही.

मग टाके बघा. चांगल्या बॉलला एका ओळीत साधारण 80 टाके असतात, म्हणजे दोन सेंटीमीटरमध्ये सातच्या आसपास. पाचच भरले तर दोरा लांब ओढलेला आहे, मॅटवर तो आधी तुटणार. अंगठ्याचं नख सीमवरून पूर्ण फिरवा. जिथे दोऱ्याचं टोक आत घेऊन गाठ दाबलेली असते तिथे हलकासा उंचवटा लागतो, तेवढा चालतो. पण बाकी कुठे सीम खाली बसलेली लागली तर बॉल परत ठेवा. वाटीवरची बारीक रेघ दोन्ही अंगठ्यांनी विरुद्ध दिशेला ताणून बघा. फट दिसली तर आतली शिवण सैल आहे, आणि पहिला जोराचा फटका बसला की कातडं तिथूनच उकलतं.

सगळ्यात महत्त्वाचा भाग दिसत नाही, तो म्हणजे आतला गाभा. चांगल्या बॉलमध्ये कॉर्कवर लोकरी दोरा ओढून गुंडाळलेला असतो, थर दोऱ्याचा, थर कॉर्कचा. स्वस्तात कॉर्क आणि रबराचा भुगा साच्यात दाबून गोळा करतात. तपासायचं असं : दोन मीटर उंचीवरून बॉल सिमेंटच्या फरशीवर नुसता सोडायचा, ढकलायचा नाही. ठीक बॉल साधारण 55 ते 75 सेंटीमीटर उसळतो. कंबरेला आला तर आत रबर जास्त आहे. सिमेंटवरच्या मॅटवर असा बॉल टप्प्यावरून छातीच्या वर जातो आणि हेल्मेट न घालणाऱ्या पोट्ट्यांसाठी तो धोक्याचा आहे. उसळलाच नाही, भद्दकन बसला, तर दोरा सैल गुंडाळलेला. तो नरम पडेल. दुकानदार बॉल टाकून बघू देत नसेल तर दोन बॉल एकमेकांवर हलके आपटा. टणक बॉलचा आवाज कोरडा, टक असा येतो.

शेवटी काउंटरच्या काचेवर सीम उभी ठेवून बॉल सावकाश घरंगळत सोडा. तो सरळ गेला पाहिजे. दरवेळी एकाच बाजूला झुकत असेल तर गाभा मध्यावर नाही. अशा बॉलवर सीम सरळ ठेवून टाकायला शिकणारा पोरगा उगाच स्वतःच्या मनगटाला दोष देत बसतो.

वापरताना काय दिसलं ते ओव्हरच्या हिशेबाने सांगतो, कारण आपल्याकडचे बहुतेक लेदर सामने 20 ओव्हरांचे असतात आणि बॉलला तेवढंच जगायचं असतं.

पहिल्या पाच ओव्हरांत वरचा महाग बॉल निर्विवाद सरस. सीम जास्त उभी, कातडं एकसारखं, आऊटस्विंग (बॅट्समनपासून हवेत बाहेर वळणारा बॉल) हातातून सुटल्यावर उशिरा वळतो. गावाकडचे चांगले बॉलर साधारण 100 ते 115 किलोमीटर वेगाने टाकतात आणि नवा बॉल स्विंग व्हायला हा वेग सोयीचाच आहे. सीम वीस अंशांच्या आसपास तिरपी धरली की एका बाजूची हवा सीमला अडखळून उशिरापर्यंत बॉलला चिकटून राहते, दुसऱ्या गुळगुळीत बाजूची लवकर सुटते, आणि बॉल सीमच्या दिशेने वळतो. मधल्या किमतीचा बॉलही हे करतो, थोडं कमी. दोन तुकड्यांचा बॉल दोन-तीन ओव्हर वळतो आणि मग सरळ.

सहाव्या ओव्हरनंतर चित्र पालटतं. मुरमावरून चार-पाच चौके गेले की लॅकर गेलंच, बॉल कितीही महाग असो. मुरमाचे बारीक खडे कातड्यात रुततात आणि ओरखडे उभे-आडवे पडतात. महाग बॉलचं कातडं मुळात हिरवळीच्या आऊटफिल्डसाठी तयार केलेलं. त्याची जास्तीची किंमत ज्या चकाकीत आहे तीच इथे आधी जाते. दहाव्या ओव्हरला महाग आणि मधला शेजारी ठेवले तर रंगावरून ओळखता येत नाहीत. दाबून बघितले तर दोघेही टणक. इथे मधला बॉल पैसे वसूल करतो.

बारा ते वीस ही खरी परीक्षा. दोन तुकड्यांचा स्वस्त बॉल इथे अंडा होतो. सीमच्या दोन्ही बाजूंना कातडं फुगतं, बॉल हातात लोळतो, फिरकीवाल्याला टप्पा सापडत नाही. नेटमध्ये तो महाग पडतो म्हटलं ते यामुळेच. दोन दिवसांत फेकावा लागतो, आणि तोवर बॅट्समनला नरम बॉलची सवय लागलेली असते, ती सामन्यात नडते. मधला बॉल विसाव्या ओव्हरपर्यंत गोल राहिला, पण तपासून घेतलेलाच. न तपासता मागवलेल्या डब्यात अधूनमधून एखादा असा निघतो की त्याची एक वाटी सपाट होते. रिव्हर्सची (जुना बॉल नेहमीच्या उलट दिशेने वळण्याची) फार आशा धरू नका. मुरमाने एक बाजू लवकर खडबडीत होते हे खरं, पण त्यासाठी दुसरी बाजू कोरडी आणि चकचकीत ठेवावी लागते, आणि वेगही हवा.

चकाकीसाठी घाम आणि पँट, एवढंच. थुंकी लावणं 2022 पासून क्रिकेटच्या नियमांतच बंद आहे, गावच्या अंपायरनेही ते पाळावं. व्हॅसलीन, खोबरेल, मेण काही नको. नियमात बसत नाही हे तर आहेच, शिवाय तेलावर काळ्या मातीची धूळ बसून लेप तयार होतो आणि बॉल दोन्ही बाजूंनी सारखाच जड होतो. आपल्याकडे घरोघरी जवसाचं तेल असतं म्हणून काहीजण तेही चोळतात. ते बॅटसाठी ठेवा. बॉलला चिकटलेली माती काढायची असेल तर अंपायरसमोर, कोरड्या सुती कापडाने. थर्डमॅनवरून (बॅट्समनच्या मागे सीमारेषेजवळच्या जागेवरून) मुद्दाम मुरमावर आपटत फेकणं हेही बॉल बिघडवण्यातच मोडतं.

पाणी हा लेदर बॉलचा खरा वैरी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठला सामना सुरू केला तर गवतावर दव असतं. तुरटीत कमावलेलं कातडं ते पाणी पितं, सीमचा दोरा फुगतो, बॉल जड होतो. स्विंग बंद. मग कोणीतरी तो उन्हात ठेवतो आणि कातडं आवळून ताठ होतं, वाटीच्या रेघेवर तडा जातो. ओला बॉल सावलीत, कापडात गुंडाळून, अधूनमधून फिरवत वाळवायचा. त्यापेक्षा सोपं म्हणजे सामना दहाला सुरू करायचा. साठवताना टिनाच्या छपराखाली किंवा मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवू नका. उन्हाळ्यात तिथे लॅकर चिकट होऊन बॉल एकमेकांना डकतात.

पांढऱ्या बॉलच्या नादी लागू नका. त्यावर वेगळा, प्लास्टिकसारखा लेप असतो आणि नवा असताना तो छान वळतो, पण काळ्या मातीच्या धुळीत काही ओव्हरांतच त्याचा रंग मातकट होतो आणि मॅटवर तो दिसतच नाही. लाल बॉलची अडचण संध्याकाळची. पाचनंतर बॉलरच्या मागे बाभळी असतील तर बॅट्समनला बॉल उशिरा दिसतो. मंडपवाल्याकडून पांढरा पडदा घेऊन दोन बांबूंना बांधला की काम भागतं.

टेनिस बॉलवरून लेदरवर येणाऱ्यांसाठी थोडं. खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादवही आधी टेनिस बॉलनेच खेळला, म्हणून हा मार्ग बंद आहे असं कोणी समजू नये. पण साध्या टेनिस बॉलचं वजन 56 ते 59 ग्रॅम आणि हा जवळपास तिप्पट. पहिल्या आठवड्यात पूर्ण रनअपने टाकलं तर खांदा धरतो. सुरुवातीला चार-पाच पावलांवरून, रोज तीन-चार ओव्हर, तेही थोड्या जुन्या बॉलने टाका. नवी सीम तर्जनीची कातडी सोलते. टेनिससाठी घेतलेली हलकी बॅट नव्या लेदर बॉलसमोर आणू नका, खालच्या टोकाला चीर जाते.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी हिशेब असा धरावा : 16 संघ बाद पद्धतीने म्हणजे 15 सामने, प्रत्येक डावाला नवा बॉल म्हणजे 30. त्यावर चार-पाच जास्तीचे, कारण विहिरीत आणि पऱ्हाटीत बॉल जातातच. सामना संपला की प्रत्येक बॉलवर पेनाने ओव्हर लिहून ठेवा : 6, 12, 20. पुढे चालू सामन्यात बॉल हरवला तर नियमाप्रमाणे तितकाच घासलेला बॉल द्यायचा असतो, आणि ऐनवेळी तो शोधत बसावं लागत नाही.

मुलींच्या आणि लहान पोरांच्या संघांना मोठा बॉल देऊ नका. महिलांचा बॉल 140 ते 151 ग्रॅम, घेर 21 ते 22.5 सेंटीमीटर. तेरा वर्षांखालच्यांचा 133 ते 144 ग्रॅम, घेर 20.5 ते 22. तालुक्याच्या दुकानात हे बॉल फारसे ठेवत नाहीत, आधी सांगून मागवावे लागतात. आल्यावर डब्यावरच्या अक्षरांवर न जाता काट्यावर ठेवून बघा. मोठ्यांच्या मालातले हलके भरलेले बॉलही कधीकधी लहानांच्या डब्यात निघतात, आणि त्यांचा घेर 22 च्या वर असला की लहान हातात सीमवर बोटं बसत नाहीत.