ट्रफलसाठी उत्तम, बारसाठी नाही: फळांच्या गोडीचं चॉकलेट किट

साखरेचा कणही न घालता घरी चॉकलेट करा, गोडी फक्त फळांची, असं सांगणारं किट मी मागवलं होतं. आता ते वापरून संपलंय, तेव्हा मत आधीच सांगून टाकते. त्यातल्या खजुराच्या ट्रफलना, म्हणजे मऊ चॉकलेटच्या गोळ्यांना, माझ्याकडून पैकीच्या पैकी. खारीक पावडर घालून केलेला बार जेमतेम पास. रासबेरी पावडर मात्र इतकी आवडली की ती वेगळी मिळाली असती तर मी आणखी घेतली असती.

मी घरी बरीच वर्षं चॉकलेटं करते, तीही कंपाउंडची, म्हणजे दुसरं वनस्पती तूप घातलेली नाही, खऱ्या कोको बटरची, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशाची. त्यामुळे डबा उघडल्यावर मी पहिल्यांदा कोको बटरच्या चकत्या हातात घेतल्या. फिकट पिवळ्या, कडक, मोडताना कट्‌ आवाज येणाऱ्या, आणि नाकाजवळ धरल्या की चॉकलेटचा स्पष्ट वास. हा वास पूर्ण काढून टाकलेलं कोको बटरही मिळतं, पण जिथे साखर नाही तिथे हा सुगंध फार कामी येतो. खजूर मेडजूल जातीचे, बिया काढलेले, बोटाने दाबले की सहज दबणारे. त्याशिवाय खारीक पावडर, कोको पावडर, फ्रीझ-ड्राय केलेल्या, म्हणजे गोठवून सुकवलेल्या रासबेरीची पावडर, सिलिकॉनचा साचा आणि एक छोटी पुस्तिका. सामान निवडणाऱ्याला त्यातलं कळतं यात शंका नाही. पुस्तिका लिहिणाऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

साखर एकटी येते, फळ सगळा कुटुंबकबिला घेऊन येतं. ताजं फळ असेल तर सोबत पाणी, सुकवून दळलेलं असेल तर सोबत चोथा. केळ्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं. मेडजूल खजुरातसुद्धा पाचवा हिस्सा पाणी असतं. आणि वितळलेल्या चॉकलेटचं पाण्याशी अजिबात जमत नाही. त्यात सगळे कण स्निग्धांशात तरंगत असतात. थोडासा ओलावा आला की ते एकमेकांना चिकटतात आणि गुळगुळीत रसाचा घट्ट, रवाळ गोळा होतो. फळांच्या गोडीचं कुठलंही चॉकलेट करायचं तर या पाण्याचं आणि चोथ्याचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. हे किट ट्रफलमध्ये ते नेमकं करतं आणि बारमध्ये चोथ्याकडे डोळेझाक करतं.

ट्रफलचं प्रमाण असं: १५० ग्रॅम खजूर, ६० ग्रॅम कोको बटर, ४० ग्रॅम कोको पावडर आणि चिमूटभर मीठ. खजूर गरम पाण्यात भिजवून, त्याच पाण्याचे दोन-तीन चमचे घालून मिक्सरमधून अगदी मऊ वाटायचे. साल चमच्याला लागेनाशी होईपर्यंत वाटायचं, इथे आळस केला तर पुढे प्रत्येक घासात ती जाणवते. कोको बटर वितळवून त्यात कोको पावडर मिसळायची आणि हे मिश्रण खजुराच्या पेस्टमध्ये तीन वेळा थोडं थोडं घालत ढवळायचं. दोन्ही साधारण ४० अंशांवर, म्हणजे बोट घातलं तर कोमट लागेल इतकी हवीत. एक गार आणि एक गरम असेल तर स्निग्धांश वेगळा पडतो.

पहिल्या वेळी घातलं की भांड्यातलं दृश्य बघून कुणीही घाबरेल. पेस्टवर तेलकट चकाकी येते, कडेने पिवळसर थेंब सुटतात, मध्ये तपकिरी गुठळ्या दिसतात. दुसऱ्या भागानंतर ते आणखी बिघडल्यासारखं वाटतं. इथे फेटायचं नाही. रबरी चमचा मध्यभागी ठेवून छोट्या गोलात ढवळत राहायचं आणि गोल हळूहळू मोठा करत न्यायचा. मग मधोमध रुपयाएवढा एक गुळगुळीत, चमकदार डाग दिसतो, तो पसरत कडेपर्यंत जातो आणि सगळं मिश्रण एकदम गडद आणि लोण्यासारखं मऊ होतं. चमचा उचलला की त्यावरून जाड, अखंड पट्टी घरंगळते. ही जुळून येण्याची वेळ मला अजूनही प्रत्येक वेळी तितकीच आवडते.

पुस्तिकेतलं हे पान मात्र खरंच चांगलं आहे. मिश्रण फुटलं, म्हणजे स्निग्धांश वेगळा पडला, तर एक चमचा कोमट पाणी घालून ढवळा, असं त्यात लिहिलंय आणि ते बरोबर आहे. चॉकलेटला पाणी चालत नाही हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून हात कोको बटरकडे जातो. पण इथे पाणी थोडं नसून भरपूर आहे, स्निग्धांशाचे बारीक थेंब त्या पाण्यात पसरायचे असतात. मिश्रण फुटतं ते बहुतेक वेळा पाणी कमी पडल्यामुळेच.

चव? खजुराची गोडी खोल आहे, तिला जळक्या साखरेसारखी किंचित झाक असते आणि ती कोकोच्या कडूपणावर छान बसते. माझ्या सासूबाईंना गोड फारसं चालत नाही. त्यांनी एक खाल्लं, थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, ‘यात खजूर आहे हे सांगितलं नसतंस तर मला कळलं नसतं.’ माझ्या मुलीला पहिल्या घासालाच कळलं, आणि तिने तरीही दुसरं घेतलं. किटमधली कोको पावडर नैसर्गिक आहे, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया न केलेली. ती रंगाने फिकी आणि चवीला आंबटसर असते. खजुराला मला तरी प्रक्रिया केलेली, गडद आणि सौम्य पावडर जास्त आवडते. पुढच्या खेपेला मी माझ्याकडची तीच वापरली आणि ट्रफल आणखी गोल चवीचे झाले.

आता बार. कोको बटर वितळवा, कोको पावडर आणि खारीक पावडर मिसळा, साच्यात ओता, फ्रिजमध्ये ठेवा, झालं, इतकीच कृती दिलीय. खारीक कोरडी असल्याने मिश्रण गोळा होत नाही, ओततानाही छान वाहतं, म्हणून पुस्तिकेने इथेच काम संपवलंय. पण खाताना जीभ खरं सांगते. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा कण जिभेला खरखरीत लागतो, म्हणूनच कारखान्यात चॉकलेट त्याहूनही बारीक दळतात. खारीक पावडर ही नुसती साखर नाही, फळाचा चोथाही तिच्यात दळलेला असतो आणि तो कोको बटरमध्ये विरघळत नाही. साखरही विरघळत नाही, पण तिचे स्फटिक ठिसूळ असल्याने दळून पीठ करता येतात. खारकेचा कण चिवट असतो. परिणाम असा की बार तोंडात वितळतो आणि मागे बारीक भुसा उरतो.

खारीक पावडर मिक्सरमध्ये आणखी बारीक करायला गेलं की ती तापते, ओलावा ओढते आणि पात्याला चिकटून बसते. यावर उपाय आहे: पावडर मंद आचेच्या ओव्हनमध्ये कोरडी करून, पूर्ण गार करून, थांबत थांबत दळायची आणि मैद्याच्या चाळणीतून चाळायची. चाळणीवर जे उरतं ते ट्रफल घोळवायला वापरायचं. असं केल्यावर बार खाण्याजोगा होतो, पण हे पुस्तिकेत एका ओळीने तरी यायला हवं होतं.

दुसरी त्रुटी जास्त गंभीर आहे. टेम्परिंगचा, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना तापवून-गार करून नीट गोठवण्याचा, पुस्तिकेत उल्लेखच नाही. कोको बटर सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत गोठतं आणि त्यातलं एकच आपल्याला हवं असतं, साधारण ३४ अंशांना वितळणारं. ते नीट जमलं तर बार चकचकतो, कट्‌ करून तुटतो, हातात टिकतो आणि तोंडात गेला की विरघळतो. नुसतं वितळवून फ्रिजमध्ये टाकलं की भलतीच रूपं जमतात. बार मऊ राहतो, बोटांना लागतो आणि काही दिवसांत त्यावर करडी-पांढरी पूड चढते. ती बुरशी नव्हे, वर आलेला स्निग्धांश असतो, खायला हरकत नाही. पण पहिल्यांदा चॉकलेट करणारा माणूस तो बार फेकून देईल. मिश्रण ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवायचं, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ वर आणून ओतायचं, एवढ्या दोन ओळी आणि एक साधा थर्मामीटर डब्यात असता तर बारचा दर्जा वेगळाच झाला असता.

डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘शुगर फ्री’ छापलंय, हे मला अजिबात पटलेलं नाही. वरून घातलेली साखर नाही, हे खरं. साखरच नाही, हे खरं नाही. १०० ग्रॅम मेडजूल खजुरात सुमारे ६६ ग्रॅम साखर असते. वर दिलेल्या प्रमाणात माझे पंचवीस ट्रफल होतात, म्हणजे एकेकात साधारण ४ ग्रॅम, एक छोटा चमचा. सोबत तंतू येतात, पोटॅशियम येतं, कोकोचा कडूपणा हात आवरायला लावतो, हे सगळे फायदे खरेच आहेत आणि त्यासाठीच मी हे करते. पण घरात कुणाला मधुमेह असेल आणि त्या दोन शब्दांवर विसंबून त्यांनी चार-पाच ट्रफल खाल्ले, तर ते त्यांच्या हिशेबात धरायलाच हवेत. खजुराच्या सिरपबद्दल तर आणखी सावध राहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत सिरप आणि फळांच्या रसातली साखर ही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच मोजतात, अख्ख्या फळातली नाही. किटमध्ये सिरप दिलेलं नाही, अख्खे खजूर दिलेत, हे मला आवडलं.

रासबेरी पावडरसाठी पुस्तिकेत फक्त ‘वरून भुरभुरवा’ असं आहे. मी ती वितळलेल्या कोको बटरमध्येच मिसळते. फ्रीझ-ड्राय फळात ओलावा जवळजवळ नसतो, त्यामुळे मिश्रण बिघडत नाही, रंग गुलाबी येतो आणि खजुराच्या एकसुरी गोडीत आंबटपणाची धार येते. याचा पातळ थर साच्याच्या तळाशी, वर खजुराचं मिश्रण, हे या किटमधून निघणारं सगळ्यात चांगलं चॉकलेट आहे आणि ते पुस्तिकेत नाही. पाकीट उघडलं की लगेच घट्ट बंद करा, हवेतला ओलावा लागला की पावडरचा दगड होतो.

साचा ठीक आहे, चॉकलेट अलगद सुटतं.

घरात कुत्रा असेल तर करताना आणि ठेवताना जपा. कोकोतलं थिओब्रोमिन कुत्र्यांना विषारी असतं, आणि कुणी गोडीसाठी खजुराऐवजी मनुका वापरल्या तर त्याही.

ज्यांना टेम्परिंग येतं आणि दळण्या-चाळण्याचा कंटाळा नाही, त्यांनी बारही करून बघावा. बाकीच्यांनी खारीक पावडर घोळवण्यापुरती ठेवून सगळं कोको बटर ट्रफलमध्ये घालावं. टिकण्याबद्दल पुस्तिकेत ‘थंड जागी ठेवा’ एवढंच लिहिलंय, ते अपुरं आहे. बारमध्ये पाणी नसल्याने तो कोरड्या डब्यात बाहेरही राहतो, ट्रफलमध्ये मात्र फळाचं पाणी आहे. ते हवाबंद डब्यात, फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवावेत. जास्त झाले तर एकमेकांना न चिकटता फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढावेत, गारठलेल्या ट्रफलची चव कळतच नाही.