पुण्यातला धनुर्विद्येचा वर्ग : चार महिन्यांनंतर

वर्गाचं नाव मुद्दाम देत नाही. खाली तक्रारी आहेत आणि शिकवणारा मुलगा मला आवडतो. शहराच्या पश्चिमेला एका शाळेमागच्या मैदानावर हा वर्ग भरतो. फी महिन्याला 2,200 रुपये, आठवड्यातून तीन दिवस, धनुष्य-बाण त्यांचेच. मी 52 वर्षांची, बँकेत नोकरी, आणि खेळाचा अनुभव म्हणाल तर लहानपणी नगरला खेळलेली लगोरी.

तिथे कशी पोचले ते आधी सांगते. एकोणीस वर्षं मी आमच्या चर्चच्या संडे स्कूलमध्ये शिकवतेय. पापाचा धडा आला की फळ्यावर तीन वर्तुळं काढायची, एक बाण बाहेर पडलेला दाखवायचा आणि सांगायचं की नव्या करारात पापासाठी जो ग्रीक शब्द आहे, हमार्तिया, त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. नगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये आमच्या बाईंनीही आम्हाला असंच शिकवलं होतं. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने विचारलं, "टीचर, तुम्ही मारलाय कधी बाण?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, पण घरी गेल्यावरही ते डोक्यातून जाईना.

वर्गात बहुतेक मुलं दहा-बारा वर्षांची. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे 2023 साली बर्लिनला एकाच स्पर्धेत जगज्जेते झाले, त्याचा हा परिणाम. प्रत्येक आईला आपल्या घरात एक अदिती दिसायला लागलीय. या पोरांच्या रांगेत मी उभी. सर चोवीस-पंचवीस वर्षांचे. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात.

पहिल्या दिवशी धनुष्याला हातही लावू दिला नाही. दोन्ही हात लांब करून पंज्यांमध्ये छोटी फट ठेवायची, तिच्यातून दूरचा खांब बघायचा आणि एकेक डोळा मिटायचा. खांब ज्या डोळ्याला दिसत राहतो तो आपला मुख्य डोळा. माझा निघाला डावा. लिहिते, जेवते, पोळ्या लाटते उजव्या हाताने, पण सर म्हणाले दोरी डाव्यानेच ओढायची. मला बायबलमधल्या शास्ते 20:16 मधले बन्यामिनी, म्हणजे इस्राएलातल्या बन्यामीन वंशातले लोक, आठवले. सातशे डावखुरे, केसावर गोफण मारली तरी न चुकणारे. तिथे 'चुकणे' म्हणून जे हिब्रू क्रियापद आहे, तेच इतरत्र 'पाप करणे' म्हणून येतं. हे वर्षानुवर्षं पाठ होतं, पण आता डावा खांदा ठणकत होता.

नंतरचे तीन आठवडे टार्गेटचा कागदच नाही! पाच मीटरवर फोमचा जाड ठोकळा, आणि डोळे मिटून बाण सोडायचा. पैसे भरून हे कशाला, असं मी तोंडावर विचारलं. सर म्हणाले, "काकू, कागद लावला की तुम्ही नेम धरायला लागाल, आणि शिकायचं राहून जाईल." तेव्हा हा फी लांबवायचा प्रकार वाटला. आज मी या तीन आठवड्यांसाठीच वर्गाला चार तारे देईन. डोळे मिटले की पाय कुठे आहेत ते कळतं. धनुष्य मुठीत आवळलंय की नुसतं तळव्यावर टेकलंय, दोरी हनुवटीखाली खरंच लागलीय की लागल्यासारखं वाटतंय, सगळं कळतं.

मग 10 मीटरवर 122 सेंटिमीटरचा मोठा कागद लागला आणि पहिल्या सहा बाणांतले दोन गवतात गेले. दोरी उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी चाटली की आर्म गार्ड, म्हणजे हाताला बांधायचा पट्टा, असूनही वाटीएवढं काळंनिळं झालं. रविवारी चर्चमध्ये दोघींनी काळजीने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

खरी गोष्ट दुसऱ्या महिन्यातली. माझे बाण सारखे खाली उजवीकडे, मध्यापासून लांबच्या काळ्या पट्ट्यात लागत होते. मी हुशारी केली. पुढचा बाण मारताना मुद्दाम वर डावीकडे नेम धरला. मग बाण चारी दिशांना. सर मागे उभे होते. ते टार्गेटकडे बघतच नाहीत, खांद्याकडे बघतात. म्हणाले, "दुरुस्ती करू नका. जसं चुकताय तसंच चुका." सहा बाण मारले, सहाही काळ्यात, हाताच्या पंज्याएवढ्या जागेत. मी खजील, तर सर खूश. "एका जागी पडतायत ना? मग आता साइट हलवू." साइट म्हणजे धनुष्यावरची नेम धरायची खूण. आणि ती हलवली तीही खाली उजवीकडे, बाण जिकडे जात होते तिकडेच. पुढच्या सहा बाणांतले पाच मध्याजवळच्या लाल पट्ट्यात गेले, एक अगदी मधल्या पिवळ्यात.

तरी अधूनमधून एखादा बाण खाली घसरतोच. कारण त्यांनी सांगितलं: दोरी पूर्ण ओढून होण्याआधीच मला सोडायची घाई. त्यामुळे बाण उणा पडतो. नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात पाप करणाऱ्यांबद्दल आलेलं "उणे पडले आहेत" मी किती मुलांकडून घोकून घेतलं असेल. तो शब्द बाणालाही लागू पडतो हे मात्र त्या संध्याकाळी गवतात वाकून बाण शोधताना कळलं.

आणि जाऊबाई आठवल्या. सासूबाईंच्या औषधांवरून आमचं फोनवर वाजतं. दर वेळी मी ठरवते, पुढच्या वेळी गोड बोलायचं, आणि दर वेळी त्याच वाक्यावर घसरते. माझ्या चुका विखुरलेल्या नाहीत, सगळ्या एका जागी लागतात. आणि दुरुस्ती मी करत होते ती शेवटच्या क्षणी, जिभेच्या टोकावर. पाय कुठे आहेत ते बघतच नव्हते. फोन उचलायच्या आधीच मी तिरकी उभी असते. फळ्यावरच्या माझ्या चित्रात वर्तुळं होती, बाण होता. बाण मारणारी बाई नव्हती, आणि तिच्या मागे उभं राहून तिच्या खांद्याकडे बघणारं कुणीही नव्हतं.

सुरक्षिततेला पूर्ण गुण. दोन शिट्ट्या झाल्या की रेषेवर यायचं, एक झाली की बाण मारायचे, तीन झाल्या की सगळ्यांनी मिळून बाण काढायला जायचं. धनुष्याला बाण नसताना दोरी ओढून सोडली की सर कधी नव्हे ते ओरडतात, धनुष्य तडकतं म्हणून. बाण काढताना मागे कुणी उभं नाही ना, ते आधी बघायचं. बायबलमधल्या योनाथानाकडे बाण आणायला पोऱ्या होता. इथे आपले आपण आणायचे, आणि आपला बाण कुठे लागलाय ते दहा वर्षांच्या मुलीच्या शेजारी उभं राहून बघायचं.

आता तक्रारी. डावखुऱ्यांसाठी धनुष्य एकच, आम्ही तिघं. म्हणजे तासातली चाळीस मिनिटं बाकड्यावर. हरवलेल्या बाणाचे 350 रुपये पडतात, हे फीच्या कागदावर कुठेही नाही. मला पहिल्या महिनाअखेरीला कळलं. दिवे नाहीत, त्यामुळे डिसेंबरात सहानंतर टार्गेटवर बाण दिसत नाही. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नाही. आणि मोठ्यांची मुख्य बॅच रविवारी सकाळी 7 ते 9:30. आमची उपासना साडेआठला. सर म्हणाले एखाद्या रविवारी या की, सकाळी वारा नसतो. नाही गेले. पण त्या रविवारी पाळकांचा संदेश ऐकताना झाडाचं पान हलतंय का, ते मी खिडकीतून बघत होते हेही खरं.

गुडघे बरे असतील आणि खांद्याचं जुनं दुखणं नसेल, तर कुठल्याही वयात जावं. 18 पौंडांच्या धनुष्यावर सुरू करतात (हे धनुष्याचं वजन नव्हे, दोरी ओढायला लागणारा जोर), ताकद लागते पण जमतं. डावा डोळा निघाला तर मात्र दुसरं धनुष्य कधी येणार ते आधी विचारा. मला जानेवारीत सांगितलं होतं, पुढच्या महिन्यात. आता मार्च आहे. माझे दोन बाण, म्हणजे 700 रुपये, अजून त्या गवतात आहेत.