पावसाळी फोटोग्राफीसाठी सीपीएल फिल्टर : एका वर्षाच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये बेळगावच्या एका दुकानातून ६७ मिलिमीटरचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजेच सीपीएल फिल्टर घेतला. लेन्सच्या पुढे बसवून त्याची रिंग फिरवली की चमक कमी-जास्त करता येते. आपल्या भागात पावसाळ्यात फोटो काढणाऱ्याने दुसऱ्या लेन्सच्या आधी हाच घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

ओल्या पानांवर आकाशाची पांढरी चमक पडते आणि डोळ्यांना गर्द दिसणारी हिरवळ फोटोत फिकट उतरते. ही चमक सीपीएल फोटो काढतानाच कापतो. ती नंतर एडिटिंगमध्ये सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, वाढवून जात नाही. येळ्ळूरच्या शिवारात रोप लागवडीच्या दिवसांत बांधावर उभे राहून कॅमेरा पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात धरला आणि पुढची रिंग सावकाश फिरवली, तर पाण्यावरचे ढग विरत जातात आणि तळाचा चिखल व रोपांचे बुडखे स्पष्ट दिसू लागतात. मला मात्र त्या पाण्यात राजहंसगडाचे प्रतिबिंब हवे होते, म्हणून रिंग पुन्हा मागे फिरवली. फिल्टर नेहमी पूर्ण जोरावर ठेवायचा नसतो, हे तिथे नीट कळले.

गोकाकच्या धबधब्यावर त्याचा दुहेरी उपयोग झाला. ओल्या खडकांचा काळा रंग खुलला आणि प्रकाश दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी झाल्याने ट्रायपॉडवर शटर मंद ठेवता आले. मात्र तुषारांत इंद्रधनुष्य असेल तर रिंग जपून फिरवावी, नाहीतर ते फोटोतून साफ नाहीसे होते.

लागवड करणाऱ्या एका मावशींचा त्यांच्या परवानगीने फोटो काढला, तेव्हा कपाळावरच्या घामाची चमक मी अर्धीच कमी केली, कारण ती पूर्ण गेली की चेहरा निस्तेज दिसतो. शेजारच्या पितळी कळशीची झळाळी मात्र रिंग फिरवूनही तशीच राहिली. धातूवरच्या चमकेवर सीपीएलचा फारसा परिणाम होत नाही.

उणिवाही आहेत. फिल्टरमुळे निळे आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक गडद होत असल्यामुळे रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सवर ते एकीकडे गडद, दुसरीकडे फिके येते. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरासारख्या अंधाऱ्या ठिकाणी फिल्टर काढूनच ठेवावा. माझा फिल्टर एकदा लेन्सच्या संरक्षणासाठी लावलेल्या यूव्ही फिल्टरवर घट्ट अडकला होता. कडेला रबर बँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवल्यावर सुटला. तेव्हापासून मी दोन्ही एकत्र लावत नाही.