सेव्ह काढून देतो म्हणून पासवर्ड घेतला, चार वर्षांचा खेळ गेला

पुलगाव-आर्वीच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. ज्याच्या घरी जुना पीएस४ (टीव्हीवर गेम खेळायचं प्लेस्टेशन मशीन) आहे आणि जो आता त्याचं नवं मॉडेल पीएस५ घेतोय, त्याने हे वाचावं म्हणून लिहितोय. माझे साडेतीन हजार रुपये गेले. पैशाचं दुःख एका हंगामात विसरलं जाईल, पण जे पुसलं गेलं ते कोणीच परत देऊ शकत नाही.

पीएस४ मी आणि धाकट्याने मिळून घेतला होता. क्रिकेटच्या गेममध्ये आम्ही दोघांनी एक खेळाडू घडवला, गावच्या टीमपासून थेट कसोटीपर्यंत. ओलिताला रात्रीची लाइन असली की मोटर सुरू करायला दोन वाजता उठावं लागायचं, मग झोपण्यापेक्षा आम्ही खेळतच बसायचो. एक ओव्हर तो, एक ओव्हर मी. मागच्या वर्षी धाकटा कामासाठी पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "दादा, करिअर सुरू ठेव, दिवाळीले आलो की पुढचं मी खेळतो."

यंदा कापूस विकल्यावर एका ओळखीच्याकडून वापरलेला पीएस५ घेतला. जुना सेव्ह, म्हणजे गेम कुठवर खेळलो त्याची साठवलेली नोंद, नव्या मशीनमध्ये कसा न्यायचा ते मला माहीत नव्हतं. तालुक्याच्या गावी मोबाइल आणि गेमचं एक दुकान आहे, तिथे विचारलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, हे काम घरी होत नाही. आतला डेटा लॉक असते. आमच्याकडं त्याचं सॉफ्टवेअर आहे. दोन हजार लागन, दोन दिवस ठेवा." त्याने वहीत माझं नाव लिहिलं, मशीनला चिकटपट्टी लावली आणि त्याच वहीत माझ्या अकाउंटचा ईमेल आणि पासवर्डही लिहून घेतला. पासवर्ड कशाला, असं विचारलं तर म्हणाला, "त्याच्याशिवाय उघडतच नाही ना."

दुसऱ्या दिवशी मी वावरात होतो, वेचा सुरू होता. आमच्या वावरात फक्त धुऱ्यावरच्या बाभळीजवळ रेंज येते. तिथे उभा असताना त्याचा फोन आला. "भाऊ, तुमच्या मोबाइलवर नंबर आला असन, सांगा लवकर, नाही तं टाइम निघून जाईन." बाया काट्यावर कापूस मोजायला थांबल्या होत्या. मेसेजमध्ये सहा आकडे होते आणि खाली लिहिलं होतं की हा कोड कोणालाही देऊ नका. मी ते वाचलं, आणि तरीही सांगितला. घाई होती आणि माणूस ओळखीचा होता, दुसरं काही कारण नाही.

मशीन परत आणून टीव्हीला जोडलं तर स्क्रीनवर भाषा निवडायला आली, नव्या कोऱ्या मशीनवर येते तशी. आत काहीच उरलं नव्हतं. पीएस५ वर माझं अकाउंट उघडेना, पासवर्ड चूक दाखवू लागलं. दुकानदार म्हणाला, "हार्ड डिस्क खराब होती, रिकव्हरीचे आणखी लागतीन." मी आणखी दीड हजार पाठवले. त्यानंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

सोनी कंपनीच्या सपोर्टला मशीनचा सिरियल नंबर आणि जुन्या खरेदीच्या पावत्या दिल्या, तेव्हा अकाउंट परत मिळालं. आत गेल्यावर सगळं समजलं. ईमेल बदललेला होता. मी कधी उघडलाही नव्हता अशा एका गेमच्या ट्रॉफ्या (गेममध्ये टप्पा गाठला की अकाउंटवर मिळणारी बक्षिसं) यादीत होत्या. प्रत्येक ट्रॉफीसमोर तारीख आणि वेळ असते, आणि त्या तारखांना माझा पीएस४ दुकानात होता. मी पैसे देऊन घेतलेल्या गेम्ससकट माझं अकाउंट दुसऱ्या कोणाच्या मशीनवर चालत होतं. त्याला माझ्या सेव्हशी काही घेणं नव्हतं, त्याला अकाउंट पाहिजे होतं. धाकट्याच्या पहिल्या शतकाची ट्रॉफीही त्याच यादीत तशीच आहे, कारण ट्रॉफ्या कंपनीच्या सर्व्हरवर राहतात. सेव्ह मात्र मशीनच्या डिस्कवर असतो. कंपनीच्या पीएस प्लस सेवेची वर्गणी असती तर त्याची प्रत क्लाउडमध्ये, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, राहिली असती, पण आम्ही ती कधी घेतली नव्हती.

मागच्या बाजाराच्या दिवशी त्याच दुकानात आठवी-नववीतला एक पोरगा पिशवीतून पीएस४ काढताना दिसला. मी त्याला बाहेर बोलावलं, सगळं सांगितलं आणि सरळ आमच्या घरी आणलं. साध्या पेन ड्राइव्हवर काम झालं. ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट या प्रकारात फॉरमॅट केलेला असावा लागतो. पीएस४ च्या सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट, तिथून सिस्टम स्टोरेज, मग कॉपी टू यूएसबी. घरी जाऊन त्याने पीएस५ मध्ये त्याच अकाउंटने लॉगिन केलं, सेव्ह्ड डेटाच्या सेटिंगमधून पीएस४ चा डेटा निवडला आणि यूएसबीवरून मशीनमध्ये घेतला. एक रुपया लागला नाही. दोन्ही मशीन एका वायफायवर असतील तर पीएस५ स्वतःच जुन्या मशीनमधून डेटा ओढून घेतो. तीही सोय फुकट आहे.

अकाउंट मात्र दोन्हीकडे तेच पाहिजे, दुसऱ्या अकाउंटवर सेव्ह चालत नाही. काही गेम्सची पीएस५ आवृत्ती जुना सेव्ह आपोआप घेत नाही, आधी पीएस४ वर गेम उघडून त्याच्या मेनूतून अपलोड करावा लागतो. म्हणून नव्या मशीनवर गेम जिथे सोडला होता तिथूनच सुरू झाला हे डोळ्याने पाहिल्याशिवाय जुनं मशीन फॉरमॅट करू नका, विकू नका. आणि पीएस५ च्या गेमचे सेव्ह असे एकेक करून पेन ड्राइव्हवर कॉपी करता येत नाहीत.

कोणी पासवर्ड आधीच देऊन बसला असेल तर आजच बदला, सगळ्या मशीनवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डसोबत कोडही मागणारी सोय) चालू करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, उशीर झाला की पैसा पुढे सरकतो. मी सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली, ट्रॉफ्यांच्या तारखांचे स्क्रीनशॉट आणि दीड हजारांची यूपीआय नोंद जोडली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं आयटी कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिले दोन हजार रोख दिले होते, त्याची पावती नाही.

धाकट्याला दिवाळीपर्यंत सांगितलं नव्हतं. तो आला, त्याने कंट्रोलर हातात घेतला आणि विचारलं, "दादा, आपली टीम कुठी गेली?" तेव्हा सांगावंच लागलं. तो काही बोलला नाही, उठून गोठ्याकडे गेला.

तक्रार मागे घ्या म्हणून दुकानदाराचा दोनदा निरोप आला, पैसे परत देतो म्हणाला. मी मागे घेतलेली नाही.